प्रेषण आणि ग्रहण : रेडिओ उपकरणांतील अंतर्गत व्यत्यय रोखण्याचे तंत्र

मोबाइल दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती स्वतःचे बोलणे न थांबवता पलीकडचे बोलणे ऐकू शकते. ही सोय आता सर्वांच्या सवयीची झाली आहे. मात्र तिच्यामागे रेडिओ अभियांत्रिकीतील एक जुना आणि कठीण प्रश्न आहे. ज्या उपकरणातून शक्तिशाली लहरी बाहेर पडतात, त्याच उपकरणाला दुरून आलेल्या अत्यंत क्षीण लहरीही टिपायच्या असतात. प्रेषणामुळे ग्रहणात येणारा व्यत्यय कसा कमी केला जातो आणि देशाच्या दूरसंचार व्यवस्थेशी त्याचा काय संबंध आहे, याचा हा आढावा.

व्यत्ययाचे प्रमाण

४-जी मोबाइल संच साधारणतः कमाल ०.२ वॉट शक्तीने प्रेषण करतो. मनोऱ्यापासून दूर असताना त्याच संचाला मिळणाऱ्या संदेशाची शक्ती एका वॉटच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी अल्प असू शकते. म्हणजेच संचाचे स्वतःचे प्रेषण हे त्याला ऐकायच्या संदेशापेक्षा सुमारे दोन लाख कोटी पटींनी प्रबळ असते. अभियंते हे अंतर डेसिबल या एककात मोजतात. दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते. या हिशेबाने वरील अंतर सुमारे १२३ डेसिबल भरते.

हा व्यत्यय दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात प्रबळ प्रेषणामुळे ग्राही यंत्रणा दिपून जाते आणि क्षीण संदेश तिला ओळखू येत नाही. ग्राहीच्या तोंडाशी योग्य फिल्टर बसवल्यास हा दोष दूर होतो. दुसरा प्रकार अधिक चिवट आहे. कोणताही प्रेषक केवळ नेमून दिलेल्या वारंवारतेवरच ऊर्जा सोडत नाही. त्याचा थोडासा गोंगाट शेजारच्या वारंवारतांवरही सांडतो. हा गोंगाट ग्राहीच्या स्वतःच्या वारंवारतेवरच येऊन पडला, तर ग्राहीकडील कोणताही फिल्टर त्याला वेगळा काढू शकत नाही. तो प्रेषकाच्या बाजूलाच अडवावा लागतो.

वारंवारतेचे विभाजन

पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या साध्या वॉकीटॉकीमध्ये बोलण्यासाठी बटण दाबावे लागते आणि ऐकण्यासाठी ते सोडावे लागते. तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. अखंड संभाषणासाठी मात्र प्रेषण आणि ग्रहण यांना वेगवेगळ्या वारंवारता देण्याचा मार्ग सर्वाधिक रूढ आहे. जीएसएमच्या मूळ ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात मोबाइल संच ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर प्रेषण करतो आणि मनोरा ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर. दोहोंमध्ये २० मेगाहर्ट्झची मोकळी जागा राहते. शिवाय जीएसएम संचाच्या प्रेषण आणि ग्रहणाच्या वेळाही एकमेकींपासून तीन कालखंडांनी सरकवलेल्या असतात.

एकाच अँटेनावर दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतील, तर डुप्लेक्सर हा घटक वापरला जातो. त्यात दोन फिल्टर असतात. एक प्रेषणाला अँटेनाकडे जाऊ देतो, तर दुसरा केवळ ग्रहणाच्या लहरींना ग्राहीकडे वळवतो. मनोऱ्यावरील डुप्लेक्सर धातूच्या पोकळ्यांचा आणि आकाराने मोठा असतो. खिशात मावणाऱ्या संचासाठी अभियंत्यांनी ध्वनितरंगांचा आधार घेतला. स्फटिकाच्या पृष्ठभागावर विद्युत्संदेशाचे रूपांतर यांत्रिक तरंगांत केले जाते. त्यांचा वेग रेडिओलहरींच्या सुमारे एक लक्षांश असतो. त्यामुळे हवेत ३३ सेंटिमीटर लांबीची ९०० मेगाहर्ट्झची लहर स्फटिकावर अवघ्या चार मायक्रॉनच्या आसपास येते आणि फिल्टर काही मिलिमीटरमध्ये सामावतो. असे तरंग निर्माण करणारी, बोटांसारख्या परस्परांत गुंतलेल्या पट्ट्यांची रचना १९६५ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात व्हाइट आणि व्होल्टमर यांनी मांडली. आजचा लहान डुप्लेक्सर प्रेषण आणि ग्रहण यांच्यात साधारणतः ५० डेसिबल किंवा त्याहून अधिक विलगता देतो.

भारतातील ८०० व ९०० मेगाहर्ट्झचा प्रश्न

हाच प्रश्न दोन वेगळ्या कंपन्यांच्या मनोऱ्यांमध्येही उद्भवतो. भारतात सीडीएमए सेवेसाठी ८२४ ते ८४४ आणि ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झ हे जोडपट्टे ठरवण्यात आले. यापैकी दुसऱ्या पट्ट्यात मनोरे प्रेषण करतात. त्याला लागूनच, ८९० मेगाहर्ट्झपासून, जीएसएम मनोऱ्यांचे ग्रहण सुरू होते. एका बाजूचा मनोरा अनेक वॉट शक्तीने बोलत असताना अवघ्या एक मेगाहर्ट्झ अंतरावर दुसऱ्या बाजूचा मनोरा मोबाइल संचांचा क्षीण आवाज ऐकत असतो. सीडीएमए सेवा आता इतिहासजमा झाली असली, तरी ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा ४-जीसाठी वापरात असल्याने हे शेजार कायम आहे.

अशा ठिकाणी उपाय दोन्ही बाजूंनी करावे लागतात. ९०० मेगाहर्ट्झच्या ग्राहीला तीव्र उताराचा फिल्टर लागतो. सांडणारा गोंगाट अडवणारा फिल्टर मात्र ८०० मेगाहर्ट्झच्या प्रेषकावर, म्हणजे ज्याला स्वतःला त्रास होत नाही त्याच्या मनोऱ्यावर, बसवावा लागतो. म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञांच्या हाती न राहता नियमन आणि परस्पर समन्वयाचा ठरतो. एकाच मनोऱ्यावर अँटेना शेजारी शेजारी लावण्याऐवजी एकीच्या वर दुसरी लावल्यासही मोठा फरक पडतो. कारण सर्वसाधारण मनोऱ्यावरील अँटेना सरळ वर किंवा खाली फारच थोडी ऊर्जा सोडते.

देखभालीचे महत्त्वही कमी नाही. सैल जोडणी किंवा गंजलेला खिळा यांवर दोन प्रबळ लहरी एकत्र आल्यास नव्या वारंवारता निर्माण होतात. उदाहरणार्थ, ९३६ आणि ९५८ मेगाहर्ट्झच्या दोन प्रेषणांतून ९१४ मेगाहर्ट्झची लहर उत्पन्न होऊ शकते. ती नेमकी ग्रहणाच्या पट्ट्यात पडते.

वेळेचे विभाजन

दुसऱ्या पद्धतीत वारंवारता एकच ठेवून प्रेषण आणि ग्रहण आळीपाळीने केले जाते. भारतात २०२२ मध्ये लिलाव झालेला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा ५-जी पट्टा याच पद्धतीने वापरला जातो. येथे डुप्लेक्सरची गरज नसते आणि जोडपट्ट्यांमधील जागाही रिकामी ठेवावी लागत नाही. त्याऐवजी शिस्त लागते. एकाच परिसरातील सर्व मनोऱ्यांनी एकाच वेळी बोलायचे आणि एकाच वेळी ऐकायचे असते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार त्यांच्या घड्याळांतील तफावत ३ मायक्रोसेकंदांपेक्षा अधिक असून चालत नाही. हा ताळमेळ उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेच्या आधारे राखता येतो. एका मनोऱ्याची वेळ चुकली, तर त्याचे प्रेषण शेजाऱ्यांच्या ग्रहणावर आदळते.

वजाबाकीचा मार्ग

एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी, बोलणे आणि ऐकणे शक्य नाही असे दीर्घकाळ मानले जात होते. तथापि, उपकरण काय पाठवत आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते. ऐकू आलेल्या मिश्रणातून ते वजा केल्यास दुरून आलेला संदेश उरतो. अडचण अशी की, पाठवलेला संदेश परत येताना भिंतींवर आदळून आणि घटकांमधील दोषांमुळे बदललेला असतो. त्यामुळे त्याची अचूक प्रतिकृती तयार करणे अवघड असते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात दिनेश भराडिया, एमिली मॅकमिलिन आणि सचिन कट्टी यांनी २०१३ मध्ये एकाच अँटेनाच्या वाय-फाय उपकरणात ही वजाबाकी ११० डेसिबलपर्यंत साधल्याचे जाहीर केले. सर्क्युलेटर, निरनिराळ्या विलंबाच्या तारांचे मंडल आणि संगणकीय गणित अशा टप्प्यांनी हे साध्य झाले. मूळ व्यत्यय त्यामुळे दहा हजार कोटी पटींनी घटला. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी असलेल्या भराडिया यांना २०१६ मध्ये मार्कोनी सोसायटीचा युवा संशोधक पुरस्कार मिळाला.

या पद्धतीने एकाच पट्ट्याची क्षमता तत्त्वतः दुप्पट होते. मोबाइल सेवेत तिचा प्रवेश मात्र सावधपणे होत आहे. ५-जीच्या सुधारित मानकांत मनोऱ्याला एकाच पट्ट्याच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी प्रेषण आणि ग्रहण करण्याची तरतूद आली आहे. ग्राहकाच्या हातातील संच मात्र त्यात आळीपाळीनेच काम करतो.

रेडिओलहरींचा पट्टा ही मर्यादित राष्ट्रीय संपत्ती असून तिचे वाटप लिलावाने होते. व्यत्ययाच्या भीतीने रिकामा ठेवावा लागणारा प्रत्येक मेगाहर्ट्झ कोणाच्याच उपयोगी पडत नाही. फिल्टरचा उतार जितका तीव्र, घड्याळ जितके अचूक आणि वजाबाकी जितकी नेमकी, तितकी ही रिकामी जागा कमी होते. म्हणूनच उपकरणातील या लहानशा घटकांचे मोल त्यांच्या आकारावरून ठरत नाही.