१४.३ म्हणजे साडेचौदा

अंधेरी-बोरिवलीकडच्या कुठल्याही सोसायटीत टेनिस बॉलची टुर्नामेंट असली की लीग संपताना एक भांडण ठरलेलं. दोन टीमचे पॉइंट सारखे, आणि कोणीतरी मोबाइल काढून नेट रन रेटचा हिशोब मांडतो. तो बहुतेक वेळा चुकतो, कारण त्याने १४.३ ओव्हर्सने थेट भागलेलं असतं. मंडळी, ओव्हर्समधला तो टिंब दशांश नाही! पुढचा आकडा चेंडूंचा, म्हणजे सहाच्या हिशोबातला. १४.३ म्हणजे साडेचौदा, १४.४ म्हणजे १४.६७. एक्सेलला हे कोणी सांगत नाही.

बाकी सूत्र सरळ आहे. स्पर्धेत केलेल्या एकूण धावा भागिले खेळलेल्या एकूण ओव्हर्स. त्यातून दिलेल्या धावा भागिले टाकलेल्या ओव्हर्स वजा. ऑल आउट झालात तर पूर्ण कोटा धरायचा, बारा ओव्हर्समध्ये गारद झालात तरी वीस. आणि प्रत्येक मॅचचा वेगळा रेट काढून सरासरी नाही घ्यायची, सगळ्या बेरजा आधी.

पण पूर्वी हे 'नेट' प्रकरण नव्हतंच. १९८७च्या रिलायन्स कपात नुसता आपला रन रेट बघायचे. तुम्ही किती दिल्या याला किंमत शून्य. गोलंदाजांवर अन्यायच म्हणायचा, आणि त्याच नियमाने आपल्याला नागपूरची ती मॅच दिली.

झालं असं की ९ ऑक्टोबरला चेन्नईत ऑस्ट्रेलियाने आपल्याला एका धावेने हरवलं. डीन जोन्सचा एक फटका आधी चौकार दिला होता, तो दोन डावांच्या मध्ये षटकार ठरला. कपिलने ते मान्य केलं, २६८चे २७० झाले आणि आपण २६९ला आटोपलो. या दोन धावांमुळे गटाच्या शेवटी भारत आणि ऑस्ट्रेलिया बरोबरीत येण्याची वेळ आली. पहिला नंबर आला तर सेमीफायनल वानखेडेवर इंग्लंडशी, दुसरा आला तर लाहोरला पाकिस्तानशी. आता बोला!

३१ ऑक्टोबर, व्हीसीएचं मैदान. न्यूझीलंड ५० ओव्हर्समध्ये ९ बाद २२१, त्यात चेतन शर्माची हॅटट्रिक, वर्ल्ड कपमधली पहिली. तिन्ही त्रिफळा. पण नुसतं जिंकून भागणार नव्हतं, २२२ धावा ४२.२ ओव्हर्सच्या आत हव्या होत्या. सलामीला कोण? १९७५च्या वर्ल्ड कपात लॉर्ड्सवर ६० ओव्हर्स खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ करणारे सुनील गावसकर. तेही अंगात ताप असताना. त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ ठोकल्या. वनडेतलं त्यांचं एकमेव शतक. श्रीकांत ७५, अझर नाबाद ४१, आणि ३२.१ ओव्हर्समध्ये खेळ खल्लास. दहा ओव्हर्स शिल्लक ठेवून मुंबईचं तिकीट काढलं.

५ नोव्हेंबरला वानखेडेवर ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. गावसकर ४ वर बोल्ड, तीच त्यांची शेवटची वनडे. असो.

पुढे 'नेट' आलं, तसे त्यातले बग्जही आले. १९९९ला ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट इंडिज ११० मध्ये आटोपले. ऑस्ट्रेलियाला न्यूझीलंडऐवजी वेस्ट इंडिज पुढे आलेले सोयीचे होते, कारण विंडीजला हरवल्याचे पॉइंट सुपर सिक्समध्ये सोबत जाणार होते. मग १११ धावांना त्यांनी ४०.४ ओव्हर्स लावल्या. सावकाश खेळून दुसऱ्याचा रेट सांभाळायचा! उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडने स्कॉटलंडला झटपट गुंडाळलं.

आणि २५ मे २०१४. वानखेडेवर राजस्थानच्या १८९. मुंबई इंडियन्सला पुढे जायला १९० धावा १४.३ ओव्हर्समध्ये. कॅप्टन बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ झोडल्या. १४.३ला १८९, रायुडू दुसरी धाव घेताना रनआउट. संपलं? राजस्थानवाल्यांना वाटलं असेलही. पण एक चेंडू जास्त लागला तर त्याची किंमत किती? मोसमाची सरासरी ओव्हरला आठ धरली तर एक चेंडू म्हणजे सव्वा-दीड धावा. म्हणजे १४.४ला १९० कमी पडतात, पण १९३ चालतात. आणि स्कोअर बरोबरीत असताना एकेरी धाव काढली की मॅच तिथेच संपते, त्यामुळे १९०च्या पुढे जायचा रस्ता एकच: बाउंड्री. हे ड्रेसिंग रूममधून मैदानावर वेळेत पोचलं, ही खरी कमाल. मुंबईचा रणजी कीपर आदित्य तरे पहिलाच चेंडू खेळत होता, फॉकनरचा लेगवरचा फुलटॉस त्याने थेट स्टँडमध्ये भिरकावला. द्रविडने, हो द्रविडने, टोपी आपटली.

५ सप्टेंबर २०२३ला लाहोरला आशिया कपात अफगाणिस्तानला श्रीलंकेविरुद्ध २९२ धावा ३७.१ ओव्हर्समध्ये हव्या होत्या. ३७.१ला ते २८९वर होते आणि मुजीब आउट झाला. गेलं सगळं, असं समजून शेवटच्या फारूकीने पुढचे दोन चेंडू नुसते तटवले. खरं तर ३७.४पर्यंत २९५ झाल्या असत्या तरी ते पात्र ठरले असते. कोच जोनाथन ट्रॉट नंतर म्हणाले की हे आम्हाला कोणी कळवलंच नाही. फारूकी पुढच्याच चेंडूवर पायचीत झाला, तेव्हा दुसऱ्या टोकाला राशिद खान १६ चेंडूंत नाबाद २७ वर उभा होता.