‘काका, पेपर छापायचे किती घेतात?’

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण घरात कुणी मेडिकलला असेल तर जरूर वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या अकोले तालुक्यातला एक मुलगा घरी आला. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाडीवरचा पोरगा, वडील भातशेती करतात. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, तुम्ही पेपरवाले. मेडिकलच्या जर्नलमध्ये पेपर छापायचे किती घेतात?"

मला आधी वाटलं गंमत करतोय. मग सगळं बाहेर आलं. आश्रमशाळेत मुलींना लोहाच्या गोळ्या देतात. याच्या बहिणीने त्या कधी खाल्ल्याच नाहीत, पोटात मळमळतं म्हणून टाकून द्यायची. याच्या मनात आलं, आपल्या भागात किती मुली खऱ्या खातात ते मोजावं. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची योजना आहे, तिचा अर्ज भरायला घेतला. त्याला आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक लागतो. एक सर म्हणाले, वेळ नाही. दुसरे म्हणाले, आधी पास हो. तिसऱ्यांनी एका एजंटचा नंबर दिला. तयार पेपर मिळतो, त्यात नाव घालून देतात म्हणे.

पोराला वाटलं संशोधन असंच असतं. मला रात्री झोप लागली नाही. कारण याच डोंगरात, मुलांच्या आहाराच्या याच प्रश्नावर, पूर्वी एक मोठी शास्त्रज्ञ बाई काम करून गेली आहे. तिला कुणी एजंटचा नंबर दिला नव्हता. तिला काय मिळालं होतं, तेच आज सांगायचंय. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ तेव्हा भारतातच होता, आधी कॉलऱ्याच्या लसीचं काम करत होता. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. ही गोष्ट शाळेत आपण ऐकलेली असते. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही: हाफकिनच्या हाताखाली शिकून पुढे स्वतः संशोधक होईल असा भारतीय डॉक्टर त्या खोलीत का नव्हता?

कारण व्यवस्थाच तशी होती. सरकारी दवाखान्यातल्या आणि प्रयोगशाळांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या हातात. ती परीक्षा बराच काळ लंडनलाच व्हायची. कागदावर भारतीयांना दार उघडं होतं, पण बोटीचं भाडं कुणाकडे होतं? आपल्या डॉक्टरांच्या वाट्याला बहुतेक दुय्यम कामं यायची. हाफकिन इन्स्टिट्यूटला पहिला भारतीय संचालक, साहिब सिंग सोखी, मिळायला १९३२ साल उजाडावं लागलं.

ही कोंडी मुंबईत फोडली ती देणगीदारांच्या एका अटीने. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या वारसांनी मेडिकल कॉलेजसाठी पैसे देताना सांगितलं की इथले शिकवणारे भारतीयच असतील, आणि सरकारी नोकरीतले नसतील. १९२६ साली जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटल सुरू झालं ते या अटीवर. आज केईएमच्या ओपीडीच्या रांगेत उभं राहताना हे कुणाला आठवतं?

तिथे शिकवायला आलेल्यांपैकी एक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. गोमंतकीय मराठी घरातले, लंडनला पॅथॉलॉजी शिकून आलेले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचेही तेच संचालक. खानोलकरांचं स्वतःचं संशोधन मोठं आहेच. पण माझ्या लेखी त्यांचं खरं काम म्हणजे त्यांनी माणसं घडवली. त्यांपैकी एक होत्या कमल रणदिवे.

कमलताई मूळच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ चा. शाळा हुजूरपागा, पुढे फर्ग्युसन. वडील तिथे जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची इच्छा होती मुलीने डॉक्टर व्हावं. त्या डॉक्टर झाल्या नाहीत. पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि खानोलकरांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. म्हणजे बघा, एमबीबीएस नाही, वनस्पतींवरून आलेली बाई, आणि काम कर्करोगावर. आज एखाद्या कॉलेजात अशी अर्जदार आली तर पहिल्या खिडकीवरूनच परत पाठवतील. खानोलकरांनी तिला हाताखाली घेतलं. १९४९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएचडी झाली.

खानोलकर तिथेच थांबले नाहीत. त्यांनी कमलताईंना परदेशी जाऊन शिकून यायला लावलं. रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप मिळाली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या (आडनाव खरंच असं उच्चारतात). शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याच्या कामात या माणसाचं नाव जगात होतं. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या ज्या पेशी आजतागायत जगभर वाढवल्या जातात, त्या याच प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढल्या.

हे तंत्र वाचून येत नाही. पेशींना कसलं द्रव्य द्यायचं, भांडं किती गरम ठेवायचं, जंतू शिरू नयेत म्हणून हात कसा धरायचा, हे शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. आमच्याकडे सुगरणीच्या हाताखाली भाकरी थापायला शिकतात, तसंच. कमलताई ते शिकल्या आणि परत आल्या. परत आल्यावर काम करायला जागा होती, कारण खानोलकरांनी ती ठेवली होती. परळला त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्या केंद्राच्या संचालक झाल्या. १९७३ मध्ये इतर शास्त्रज्ञ स्त्रियांबरोबर त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. त्या संघटनेने वाशीत नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. बाईने प्रयोगशाळेत रात्री आठपर्यंत थांबायचं तर तिचं पोर कुठे राहणार, हाही प्रशिक्षणाचाच प्रश्न आहे, हे त्यांना कळलं होतं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

आणि निवृत्तीनंतर या बाई कुठे आल्या? आमच्या अकोले तालुक्यात. सत्यनिकेतन संस्थेच्या साथीने त्यांनी इथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघण्यात आयुष्य घालवलेली शास्त्रज्ञ इथे मुलांचं खाणंपिणं आणि तब्येत बघत होती. आमच्या मुलाची बहीण लोहाच्या गोळ्या फेकून देते, तो याच भागात.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोठ्या शहरातलं, मोठ्या माणसांचं. तर दोन उदाहरणं गावाकडची.

पहिलं महाडचं. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं मरत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: घाम कधी येतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कशी चालते, फुप्फुसात पाणी कधी भरतं. विंचवाच्या विषाने शरीरातल्या नसा इतक्या खवळतात की रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकून जातं, हे त्यातून दिसलं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. ती रक्तवाहिन्या सैल करते. चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. ‘लॅन्सेट’सारख्या जगातल्या पहिल्या रांगेतल्या नियतकालिकाने त्यांचं काम छापलं.

आपण बावस्करांची गोष्ट ‘जिद्द असेल तर काहीही होतं’ म्हणून सांगतो. मला ती सांगताना दुसरंच वाटतं. प्रत्येक तालुक्यात बावस्कर जन्मत नाही. ज्यांच्यात नुसती जिज्ञासा होती, पण एकट्याने लढायची ती जिद्द नव्हती, अशा किती डॉक्टरांच्या वह्या रद्दीत गेल्या असतील?

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघेही १९८४ मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले. १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. तिकडून त्यांनी आणलं ते मोजण्याचं शास्त्र. नवजात बाळांच्या अभ्यासात त्यांनी ३९ गावांत घरोघरी सेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. सेवा देणाऱ्या होत्या गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाया. बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्याची नोंद करणं त्यांना शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाल्टिमोरची विद्या चातगावच्या आरोग्यदूतापर्यंत पोचली, कारण मधल्या माणसांनी ती पुढे शिकवली.

खानोलकर, रणदिवे, बंग यांच्या गोष्टीत तीन गोष्टी सारख्या आहेत. कुणीतरी शेजारी बसवून शिकवलं. शिकायला वेळ आणि पैसा मिळाला. आणि परत आल्यावर काम करायला जागा होती. यातली एक जरी काढली तरी साखळी तुटते.

आज परिस्थिती काय आहे? खरं सांगायचं तर कागदावर बरीच चांगली. आयसीएमआरची ती विद्यार्थी योजना १९७९ पासून आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून साथीचा तपास शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. याच संस्थेचा संशोधनाच्या मूलभूत पद्धती शिकवणारा ऑनलाइन कोर्स आहे, तो फुकट आहे. प्रश्न कसा मांडायचा, किती माणसं तपासायची, संमती कशी घ्यायची, सगळं त्यात आहे. २०२० पासून वैद्यकीय शिक्षकांना तो सक्तीचा झाला. डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधनाचं युनिटही झालं आहे.

म्हणजे ज्या सरांनी माझ्या पोराला एजंटचा नंबर दिला, त्यांच्याकडेही बहुधा त्या कोर्सचं प्रमाणपत्र असेल. प्रमाणपत्र भिंतीवर आहे, शेजारची खुर्ची मात्र रिकामी आहे. बढतीसाठी पेपर लागतात, म्हणून पेपरचा बाजार उभा राहिला. पत्रकारितेचा डिप्लोमा मीही केलाय. पण बातमी लिहायला शिकलो ते एका म्हाताऱ्या उपसंपादकाच्या टेबलाशेजारी, त्यांनी माझ्या कॉपीवर मारलेल्या लाल रेघांतून.

एक गोष्ट स्पष्ट करतो. काही चांगली नियतकालिकंही लेख स्वीकारल्यावर शुल्क घेतात, ते उघडपणे जाहीर केलेलं असतं. पण न केलेल्या कामावर नाव विकत घेणं ही चोरी आहे. आणि औषधाच्या बाबतीतली चोरी शेवटी पेशंटच्या अंगावर येते. खोट्या आकड्यांवर उद्या कुणीतरी गोळीचा डोस ठरवणार.

म्हणून तीन मागण्या. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी मेडिकल कॉलेजच्या बैठकीत इमारत आणि खाटांबरोबर हेही विचारावं: यंदा विद्यार्थ्यांचे किती संशोधन अर्ज गेले आणि किती शिक्षक मार्गदर्शक झाले? दुसरं, मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाला त्याचे तास कामात मोजून मिळावेत. तिसरं, आपल्या भागातल्या निवृत्त डॉक्टरांना हात जोडून विनंती, आठवड्यातला एक तास या पोरांना द्या. सही कॉलेजच्या शिक्षकाचीच लागेल, पण प्रश्न नीट मांडायला तुम्ही शिकवू शकता.

त्या मुलाला मी एका ओळखीच्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "गोळी खाल्ली की नाही हे तू कसं ओळखणार? मुली तर हो म्हणतील." पोरगा गप्प झाला. मग दोघं दीड तास त्यावरच बोलत बसले. उरलेल्या गोळ्या मोजायच्या, मुलींशी बोलायला बाईच हवी, शाळेची आणि पालकांची परवानगी हवी, कुणाचं नाव बाहेर जाता कामा नये. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

निघताना डॉक्टर त्याला म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. वही घेऊन ये."

पैशांचा विषय निघालाच नाही.