पाण्याखालची माशी

साखरखेर्डा हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस एकाच दिवसामुळें ठाऊक आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं येथें निजामुल्मुल्कानें मुबारिजखानाचा पाडाव केला. खान रणांत पडला, हैदराबादच्या राज्याचा पाया बसला, आणि गांवास फत्तेखेर्डा असें विजयाचें नांव देण्यांत आलें. लोकांच्या तोंडीं मात्र साखरखेर्डाच राहिलें. बखरकार, मुन्शी आणि आमच्यासारखे महाविद्यालयांतील अध्यापक या सर्वांनीं हा मुलूख घोड्यावर बसूनच पाहिला. त्याच्या दोन बाजूंनीं वाहणाऱ्या खडकपूर्णा व पैनगंगा या नद्या आम्हांस सैन्यानें ओलांडण्यापुरत्या दिसल्या. त्यांच्या पाण्यांत कोण राहतें, हें विचारण्याचें कारणच पडलें नाहीं. हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका विलायती माशीमुळें.

ही माशी म्हणजे गळावर पीस, लोकर व धागा गुंडाळून केलेलें कीटकाचें सोंग. ही युक्ति जुनी आहे. मॅसिडोनियांतील कोळी गळास तांबडी लोकर आणि कोंबड्याचीं पिसें बांधून मासे धरीत, असें ईलियन या रोमन ग्रंथकारानें सतराअठराशें वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या पुस्तकांत अशा बारा माशांची कृति दिलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तेथें या करमणुकीस सोंवळें चढलें. माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, हा हॅलफर्डचा दंडक धर्माज्ञेसारखा पाळला जाऊं लागला. स्क्यूज नांवाच्या एका वकिलानें पकडलेल्या माशांच्या पोटांतील अन्न काढून तपासलें, तेव्हां असें दिसलें कीं, मासा खातो त्यांतला मोठा भाग पाण्याखालचा, म्हणजे पंख फुटण्यापूर्वींचीं कीटकांचीं पिलें. त्यानें १९१० सालीं ग्रंथ लिहून तरंगत्या माशीचें सोंवळें मोडलें. तंटा इतका माजला कीं, १९३८ सालीं लंडनच्या एका क्लबांत त्यावर रीतसर वाद झाला. आमच्या शास्त्री-पंडितांस हंसणाऱ्या इंग्रजांनीं हा वाद अवश्य आठवावा.

या पिलास इंग्रजींत निम्फ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ जलवासिनी तरुणी. आमच्या खेड्यापाड्यांत डोहाच्या कांठीं शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. आणि आसरा हें अप्सरेचेंच झिजलेलें रूप. ग्रीकांनीं जी देवता डोहांत पाहिली तीच आमच्या कुणब्यानेंही पाहिली. फरक एवढाच कीं, तिकडे देवतेचें नांव किड्यास मिळालें, आणि इकडे किड्याकडे कोणी पाहिलें नाहीं.

तें पिलूं बांधावयाचें कसें, याचा उत्तम नमुना फ्रॅंक सॉयर यानें घालून दिला. हा एव्हन नदीवरचा राखणदार. पोथीपेक्षां पाण्याकडे पाहून शिकलेला. त्याचें पुस्तक १९५८ सालीं निघालें. त्यानें धागा टाकून दिला आणि बारीक तांब्याची तार घेतली; एकाच वस्तूनें बांधणी झाली, रंग आला आणि बुडण्यास वजनही मिळालें. नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तपकिरी पिसाचे चार तंतु गळाच्या मागच्या बाजूस तारेनें आवळावयाचे. त्यांचीं टोकें मागें राहिलीं कीं पिलाच्या शेपट्या झाल्या. उरलेले तंतु तारेबरोबर पिळून पुढें गुंडाळावयाचे, म्हणजे अंग होतें. छातीवर तेच तंतु मागें-पुढें दुमडून उंचवटा करावयाचा. पंख फुटण्याआधीं तेथें जशी गांठ दिसते तशी. पाय मुळींच लावावयाचे नाहींत. पोहतांना पिलूं पाय अंगाशीं आवळून घेतें, हें सॉयरनें पाहिलेलें होतें. इतरांच्या माश्यांना पाय होते, याच्या माशीला नव्हते, आणि मासे याच्याकडे येत. कलेंत काय गाळावें हें कळण्यास आधीं किती पाहावें लागतें, याचें इतकें सुटसुटीत उदाहरण आम्हांस वाङ्मयांतही क्वचित् आढळलें आहे.

मग आमच्याकडे पाहणारे कोणी नव्हतेच काय? होते, आणि सिंहासनावर होते. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता विदर्भापर्यंत पोहोंचली होती, याला सीताबर्डीचा शके १००८ चा शिलालेख साक्ष आहे. त्याच घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें ११२९ च्या सुमारास मानसोल्लास रचला. ज्या ग्रंथांत मराठी पदें सांपडतात म्हणून आपण त्याचें कौतुक करतों, त्यांतच मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. काठी, दोरी, गळ, आमिष, आणि सुमारें पस्तीस जातींचे मासे, इतकें सर्व त्यांत आलें आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. परंतु राजाचें आमिष हें खरेंखुरें खाद्य आहे. त्याच्या गळावर माशाला मेजवानी मिळते. तिकडच्या माशीप्रमाणें नुसतें सोंग मिळत नाहीं. मासा काय खाईल हें राजास ठाऊक होतें. मासा एरवीं काय खात असतो, हा निराळा प्रश्न आहे, आणि निम्फ त्यांतूनच जन्मास आली.

साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १८२४ सालीं, मुंबई सरकारनें कर्नल सायक्स यास दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. त्यानें नद्यांतील मासे तपासले, आणि शास्त्रीय नांवें देतांना कोळ्या-भोयांचे शब्द जसेच्या तसे उचलले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतला मोठा मासा १८३९ पासून जगभर खुदरी या नांवानें ओळखला जातो. कोळस, सिंघाळा, मल्या, फुलंगी, बोगट हीं नांवें अशींच लॅटिनच्या पंक्तीस जाऊन बसलीं. नुक्ता म्हणून जो मासा आहे, तो आमचा नकटाच असावा. त्याचें नाक चिरलेलें असतें. शब्दांचा हा मान आमच्या कवींनाही लाभला नाहीं.

पण त्या माशांच्या खाद्याचें काय? बाजारांत विकलें जातें त्यास नांव मिळतें. दगडाखालीं दडून राहतें त्यास कोण देणार? कोणी ‘मे-माशी’ असें भाषांतर करतात. आमच्या वऱ्हाडांत मे महिन्यांत ओढेच आटलेले असतात, तेव्हां या नांवानें कोणाच्या डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं. आतां खडकपूर्णेवर देऊळगांव महीजवळ धरण झालें आहे, त्यास संत चोखामेळा सागर म्हणतात. शेतीस पाणी मिळालें, ही मोठीच गोष्ट. मात्र यांतल्या पुष्कळ जातींस खळखळतें पाणी लागतें, आणि तुंबलेल्या पाण्यांत त्या टिकत नाहींत. त्यांच्याबरोबर त्यांस ओळखणारी म्हातारी माणसेंही जात आहेत. सायक्सनें विचारलें तें माशांविषयीं, आणि भोयांनीं तेवढेंच सांगितलें.

पावसाळा सरतांना दख्खनच्या वाहत्या ओढ्यांतला एखादा धोंडा उलटावा. त्याच्या तळाला नखाएवढीं पिलें चिकटलेलीं असतात. शेपट्या दोन किंवा तीन, पोटाच्या दोन्ही बाजूंस पाकळ्यांसारखे हलणारे कल्ले. पाण्यांत तीं महिनोन् महिने काढतात. पंख फुटल्यावर त्यांस खाण्यास तोंडही कामाचें राहत नाहीं. कांहीं घटका, फार तर एक-दोन दिवस, आणि मग तीं पुन्हां पाण्यावर पडतात. तेथें खालीं नकटा किंवा खुदरी वाट पाहत असते.