कोरिंथियन-कॅज्युअल्स : बक्षिसाला नकार देणारा क्लब

लंडनच्या नैर्ऋत्येला, पोर्ट्समथकडे जाणाऱ्या ए-३ महामार्गाच्या कडेला टॉलवर्थ नावाचे उपनगर आहे. तेथील 'किंग जॉर्जेस फिल्ड' या लहानशा मैदानावर चॉकलेटी आणि गुलाबी रंगाच्या अर्ध्या-अर्ध्या जर्सीतला एक संघ खेळतो. त्याचे नाव कोरिंथियन-कॅज्युअल्स. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे तीन विभाग सोडले, तर उरलेल्या शेकडो क्लबांना सरसकट 'नॉन-लीग' म्हटले जाते. त्या गर्दीतही हा क्लब बराच खालच्या पायरीवरचा. मात्र दूरदेशी ब्राझीलमध्ये कोट्यवधी चाहते असलेला आणि दोनदा क्लब विश्वचषक जिंकलेला एक बलाढ्य संघ याच क्लबाच्या नावाने ओळखला जातो. नावाचा मूळ धनी एवढा मागे कसा राहिला, याचे उत्तर त्याने जन्मतःच घातलेल्या एका अटीत सापडते.

ही कथा १८८२ साली सुरू होते. त्या काळी इंग्लंडचा राष्ट्रीय संघ स्कॉटलंडकडून वारंवार मार खात असे. १८८१मध्ये ६-१, १८८२मध्ये ५-१ असे ते पराभव होते. स्कॉटिश खेळाडू एकमेकांना पास देत संघ म्हणून खेळत. इंग्लिश खेळाडू सामन्याच्या दिवशी प्रथमच एकत्र येत आणि चेंडू मिळाला की जो तो एकटाच धावत सुटे. फुटबॉल असोसिएशनचे सहायक सचिव एन. लेन जॅक्सन यांनी यावर उपाय म्हणून देशातील उत्तम हौशी खेळाडूंना वरचेवर एकत्र खेळवणारा क्लब काढला. 'कोरिंथियन' हा शब्द प्राचीन ग्रीक शहरावरून आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या इंग्रजीत त्याला खेळाचा शौकीन, ऐटबाज सद्गृहस्थ असा अर्थ चिकटलेला होता. क्लबाच्या नियमांत एक कलम असे होते, की कोणत्याही चषकासाठी किंवा कोणत्याही स्वरूपाच्या बक्षिसासाठी हा संघ खेळणार नाही. स्वतःचे मैदान नाही, साखळी स्पर्धा नाही. फक्त मैत्रीपूर्ण सामने आणि दौरे.

जॅक्सन यांचा उपाय लागू पडला. १८८४मध्ये त्याच वर्षीच्या एफए चषकविजेत्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला कोरिंथियनने ८-१ असे हरवले. १९०३चा चषक अंतिम सामन्यात ६-० अशा फरकाने जिंकणाऱ्या बरी संघाला पुढच्याच वर्षी त्यांनी १०-३ अशी धूळ चारली. मँचेस्टर युनायटेडला तर १९०४च्या नोव्हेंबरमध्ये ११ गोल स्वीकारावे लागले. सामना ११-३ असा सुटला. तो सामना मैत्रीपूर्ण होता आणि युनायटेड तेव्हा दुसऱ्या विभागात होता, हेही न विसरता नोंदवायला हवे. १८९४ आणि १८९५ या दोन्ही वर्षी वेल्सविरुद्ध उतरलेला इंग्लंडचा संपूर्ण संघ कोरिंथियनच्या खेळाडूंचा होता.

हे खेळाडू होते तरी कोण? बहुतेक सारे ईटन, चार्टरहाऊस, वेस्टमिन्स्टर अशा महागड्या निवासी शाळांतून आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेले. वॉल्टर्स बंधू बचावाच्या फळीत खेळत. एकाची आद्याक्षरे ए. एम. आणि दुसऱ्याची पी. एम., म्हणून प्रेक्षक त्यांना 'सकाळ' आणि 'दुपार' म्हणत. चार्ल्स रेफर्ड-ब्राऊन याच्या नावावर 'सॉकर' हा शब्द रूढ केल्याची आख्यायिका आहे. सी. बी. फ्राय तर आपल्याकडच्या क्रिकेटरसिकांना परिचित असलेले नाव. ससेक्ससाठी रणजितसिंहजींच्या जोडीने फलंदाजी करणारा आणि पुढे राष्ट्रसंघाच्या अधिवेशनात त्यांचा साहाय्यक म्हणून वावरलेला हा माणूस कोरिंथियनचा बचावपटू होता.

या मंडळींच्या खिलाडूवृत्तीचा सर्वांत गाजलेला दाखला पेनल्टीचा. १८९१मध्ये हा नियम आला तेव्हा कोरिंथियनच्या मंडळींना तो अपमान वाटला. सभ्य माणूस जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याला पाडेल, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हते. आपल्याविरुद्ध पेनल्टी मिळाली तर त्यांचा गोलरक्षक खांबाला टेकून बाजूला उभा राही आणि स्वतःला मिळाली तर ते चेंडू मुद्दाम बाहेर मारत, असे सांगितले जाते. प्रत्येक सामन्यात असे घडले असेल असे नाही. पण 'कोरिंथियन वृत्ती' हा शब्दप्रयोग इंग्रजीत कायमचा रुजला.

या उदात्ततेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पैसे न घेता खेळणे ज्याला परवडते, त्याच्यासाठी हौशीपणा हे तत्त्व. गिरणीत किंवा खाणीत राबणाऱ्यासाठी तो प्रवेशबंदीचा फलक. शनिवारी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून खेळणाऱ्या लँकेशायरच्या कामगाराने ती भरून मागितली, की तो 'व्यावसायिक' ठरे आणि सद्गृहस्थांच्या नजरेतून उतरे. १८८५मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली, १८८८मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली आणि खेळाचे केंद्र हळूहळू उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांकडे सरकले. हरण्याची वेळ येईल हे कोरिंथियनला कळत नव्हते असे नाही. त्यांनी अट मात्र सोडली नाही.

१९०७मध्ये हा वाद विकोपाला गेला. जिल्हा संघटनांनी व्यावसायिक क्लबांनाही सदस्यत्व द्यावे, असा असोसिएशनचा आग्रह होता. तो अमान्य असलेल्या हौशी क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि कोरिंथियन तिच्यात गेला. परिणामी मूळ संघटनेच्या क्लबांशी खेळण्याची दारे १९१४पर्यंत बंद झाली. देशात तोलामोलाचे प्रतिस्पर्धी उरले नाहीत. दौऱ्यांची सवय जुनीच होती, १८९७मध्येच हा संघ दक्षिण आफ्रिकेला जाऊन आला होता. आता ते दौरे ही गरज बनली. या वनवासातच १९१०मध्ये कोरिंथियनचे जहाज ब्राझीलला लागले.

ब्राझीलमध्ये तेव्हा फुटबॉल हा बड्या घरच्या मुलांचा खेळ होता. इंग्लंडमध्ये शिकलेल्या चार्ल्स मिलरने तो साओ पावलोत रुजवला होता. शाळेत असताना खेळाडू कमी पडल्याने मिलर स्वतः एकदा कोरिंथियनकडून खेळलेला. पाहुण्यांनी रिओमध्ये फ्लुमिनेन्सला १०-१ असे हरवले आणि साओ पावलोतलेही सगळे सामने जिंकले. हे सामने पाहून आणि त्यांची वर्णने ऐकून भारावलेल्यांत बॉम रेटिरो या कामगारवस्तीतले पाच जण होते. त्यांनी १ सप्टेंबर १९१० रोजी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात स्वतःचा क्लब स्थापन केला आणि त्याला पाहुण्यांचे नाव दिले. पहिला अध्यक्ष मिगेल बताल्या हा व्यवसायाने शिंपी. हा क्लब सामान्य जनतेचा असेल, हे त्याने सुरुवातीलाच जाहीर केले. ज्या संघात लंडनच्या शिंप्याला कधीच जागा मिळाली नसती, त्याचे नाव साओ पावलोच्या शिंप्याने उचलले. फुटबॉलच्या इतिहासात यापेक्षा मोठा विनोद शोधून सापडणार नाही!

१९१३मध्ये कोरिंथियन पुन्हा ब्राझीलला गेला. १९१४मध्ये तिसऱ्यांदा निघालेला संघ समुद्रात असतानाच महायुद्ध पेटले. बातमी मिळताच दौरा सोडून खेळाडू परतले आणि सैन्यात दाखल झाले. क्लबाचे अनेक सदस्य त्या युद्धात कामी आले. जी पिढी ही परंपरा पुढे नेणार होती, तीच खंदकांत संपली.

युद्धानंतर क्लबाने आपला मूळ नियम वाकवला आणि १९२२-२३च्या हंगामापासून एफए चषकात उतरण्याचे ठरवले. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर त्यांचे सामने पाहायला मोठी गर्दी जमू लागली. १९२४मध्ये ग्रॅहॅम डॉगार्टच्या एकमेव गोलाने ब्लॅकबर्नला पुन्हा धक्का बसला. हेच डॉगार्ट पुढे फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९२७मध्ये न्यूकॅसल युनायटेडशी झालेल्या चौथ्या फेरीच्या सामन्याचे बीबीसीने रेडिओवरून थेट वर्णन केले. कोरिंथियन तो सामना ३-१ असा हरला आणि न्यूकॅसल त्या मोसमात लीगविजेता ठरला. चौथ्या फेरीपलीकडे हा संघ कधीच गेला नाही. तिसाव्या दशकात तर हौशी खेळाडूंनी पूर्णवेळ सराव करणाऱ्यांना हरवण्याचे दिवस उघडच सरले होते.

अखेर १९३९मध्ये कोरिंथियनचे कॅज्युअल्स या क्लबाशी विलीनीकरण झाले. कॅज्युअल्स १८८३चा, म्हणजे जवळपास समवयस्क आणि त्याच सामाजिक थरातला. पण त्याचे पाय जमिनीवर होते. १९०५मध्ये स्थापन झालेल्या इस्थमियन लीगचा तो संस्थापक सदस्य. या लीगचे ब्रीदच 'सन्मान पुरेसा आहे' अशा अर्थाचे होते आणि विजेत्यांना पदके देण्याची पद्धत नव्हती. १९३६मध्ये कॅज्युअल्सने एफए हौशी चषकही जिंकला होता. आजची चॉकलेटी-गुलाबी जर्सी कॅज्युअल्सकडून आलेली. कोरिंथियनची जर्सी पांढरीशुभ्र होती, आणि रियल माद्रिदने आपला पांढरा रंग तिच्यावरूनच घेतला, असे म्हणतात.

नव्या संघाला मोठा दिवस एकदाच लाभला. १९५६मध्ये तो हौशी चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. वेम्बलीवरचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. मिडल्सब्रोत झालेला फेरसामना बिशप ऑकलंड या त्या काळच्या सर्वांत यशस्वी हौशी संघाने ४-१ असा जिंकला. एसेक्सचा क्रिकेट कर्णधार डग इन्सोल तेव्हा या संघात होता. सरेचा मिकी स्ट्युअर्ट हाही कॅज्युअल्सकडून खेळलेला क्रिकेटपटू. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवरील उपांत्य सामन्यात भारताला हरवणाऱ्या इंग्लंड संघाचा व्यवस्थापक तोच. त्या दशकात क्लबाचे घरचे सामनेही ओव्हलच्या क्रिकेट मैदानावर होत. १८७२चा पहिलावहिला एफए चषक अंतिम सामना जिथे झाला, तेच हे ओव्हल.

त्यानंतरची वर्षे बिऱ्हाड पाठीवर घेऊन काढावी लागली. कधी या क्लबाच्या मैदानावर, कधी त्या. १९७४मध्ये असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला आणि हौशी चषकही त्याच वर्षी बंद पडला. छोटे क्लबही आता उघडपणे मानधन देऊ लागले. कॅज्युअल्सने दिले नाही. साहजिकच संघ तळाला जाऊ लागला आणि पायऱ्या उतरत गेला. १९८८मध्ये टॉलवर्थला हक्काचे छप्पर मिळाले, तेव्हा 'सद्गृहस्थांचा संघ' ही ओळख मागे पडली होती. गेल्या काही दशकांत इथे खेळलेली मुले दक्षिण लंडनच्या आसपासची, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारी. तिकीट फाडण्यापासून मैदान आखण्यापर्यंतची कामे स्वयंसेवकांकडे. मला विचाराल तर क्लबाचे तत्त्व खऱ्या अर्थाने कसाला लागले ते या काळात. ईटनच्या पोरांना फुकट खेळणे कधी जड गेलेच नव्हते.

त्याच १९८८ साली साओ पावलोच्या क्लबाने आपल्या नामदात्यांना बोलावले. पाकाएम्बू स्टेडियमवर झालेल्या सामन्यात ब्राझीलकडून सॉक्रेटिस आणि रिव्हेलिनो हे दिग्गज उतरले. यजमानांनी सामना १-० असा जिंकला; पण शेवटच्या मिनिटांत सॉक्रेटिसने जर्सी बदलली आणि तो चॉकलेटी-गुलाबी रंगात इंग्रज कारकून-शिक्षकांच्या बाजूने खेळला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी लष्करी राजवट असताना क्लबाचा प्रत्येक निर्णय खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या मतदानाने घेण्याची 'कोरिंथियन लोकशाही' ज्यांनी उभारली, त्यांत सॉक्रेटिस अग्रभागी होता. २०१२च्या डिसेंबरमध्ये याच ब्राझिली क्लबाने योकोहामात चेल्सीला १-० असे नमवून दुसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळवले. जानेवारी २०१५मध्ये टॉलवर्थचा संघ पुन्हा तिकडे गेला आणि नव्या, भव्य मैदानावर ३-० असा हरला. ब्राझीलचे चाहते आता लंडनला आले, की वाट वाकडी करून टॉलवर्थला जातात, मैदानाला हात लावतात, जर्सी विकत घेतात.

२०१८मध्ये कॅज्युअल्सला इस्थमियन लीगच्या वरच्या विभागात बढती मिळाली, तीही पेनल्टी शूटआऊटवर! वॉल्टन कॅज्युअल्सविरुद्धचा तो सामना पाहून रेफर्ड-ब्राऊन आणि मंडळींनी कपाळावर हात मारला असता. त्या विभागातले प्रतिस्पर्धी खेळाडूंना दर आठवड्याला पैसे देत होते, कॅज्युअल्स देत नव्हता. पाच मोसम तग धरून २०२३मध्ये संघ पुन्हा खाली घसरला. दरम्यान, याच ब्रीदाचा ग्लासगोतील थोरला सोबती क्वीन्स पार्क याने दीडशे वर्षांहून अधिक जपलेला हौशीपणा २०१९मध्ये सदस्यांच्या मतदानाने सोडून दिला. कारण साधे होते. पदरी वाढवलेला खेळाडू चांगला खेळू लागला, की पैसे देणारा क्लब त्याला मोबदल्याशिवाय उचलून नेई आणि करारच नसल्यामुळे त्याला अडवता येत नसे. टॉलवर्थची अडचणही नेमकी हीच आहे. इथे गोल करू लागलेला आघाडीपटू पुढच्या मोसमात बसने अर्ध्या तासावर असलेल्या दुसऱ्या क्लबाच्या जर्सीत दिसतो आणि कॅज्युअल्सचे प्रशिक्षक नव्या मुलाच्या शोधाला लागतात.