नियम रंगमंचाला, हुल्लड खुर्च्यांत

बर्लेस्कचा खेळ चालू असताना प्रेक्षागृह शांत असेल, तर खेळ पडला असे समजावे. गाणे, नाच, थोरामोठ्यांची टवाळी आणि पुढेपुढे अंगावरची वस्त्रे एकेक करून उतरवण्याचा खेळकर चाळा यांवर उभ्या असलेल्या या प्रकाराला शिट्टी चालते, आरोळी चालते, मधूनच फेकलेला शेराही चालतो. किंबहुना त्यांच्यावाचून त्याचे चालत नाही. त्यामुळे उपद्रवी प्रेक्षक ओळखण्याची इथली कसोटी बैठकीच्या गाण्याहून वेगळी आहे. नुसता ओरडतो तो उपद्रवी नव्हे. स्टेजवरच्या बाईने मांडलेला डाव मोडून जो स्वतःचा डाव मांडू पाहतो, हात लावतो, चोरून फोटो काढतो, तिचे बोलणे बुडावे म्हणून आवाज चढवतो, तो उपद्रवी. अशा माणसाला आवरण्याचे दोन मार्ग इंग्लंड-अमेरिकेतल्या या कलेच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात दिसतात, एक सरकारचा आणि दुसरा कलाकारांचा. सरकारी मार्गाने बंधने जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला घातली, असे माझे मत आहे. हुल्लड खुर्च्यांत होती आणि नियम झाले ते रंगमंचासाठी. त्यातही वाईट म्हणजे, प्रेक्षक आवरण्याचे जे साधन बाईच्या हातात होते तेच या नियमांनी काढून घेतले.

ते साधन म्हणजे तिची जीभ. 1868 साली लिडिया थॉम्पसन ही इंग्लिश अभिनेत्री आपल्या ‘ब्रिटिश ब्लाँड्स’ या संचासह न्यूयॉर्कला आली आणि ‘इक्झायन’ हे ग्रीक पुराणकथेचे विडंबन तिने वुड्स म्युझियममध्ये लावले. देवांच्या आणि राजांच्या पुरुषी भूमिका बायका करत, तंग विजारींत करत, आणि संवादांत कोट्यांचा नुसता पाऊस असे. ताज्या बातम्यांवर शेरे असत, ते थेट समोरच्यांना उद्देशून असत. कुणी काही बोलले तर उत्तर तयार असे. पहिल्या हंगामात हे पाहायला बरी घराणी येत, स्त्रियाही येत. टीकाकारांना पायांचा त्रास झालाच, पण विल्यम डीन हॉवेल्ससारख्या लेखकाने 1869 मध्ये लिहिलेले वाचले, तर त्याची अस्वस्थता केवळ कपड्यांविषयी नव्हती हे कळते. बायकांनी पुरुषी ऐट उचलून तिची चेष्टा करावी, हे त्याला अधिक खुपले होते. शिकागोत प्रकरण हातघाईवर आले. ‘शिकागो टाइम्स’चा संपादक विल्बर स्टोरी या नटींच्या चारित्र्यावर सतत चिखल उडवत होता. फेब्रुवारी 1870 मध्ये लिडिया थॉम्पसनने, तिची सहकलाकार पॉलीन मार्कहॅम आणि आणखी दोघांना बरोबर घेऊन, त्याला भर रस्त्यात गाठून चाबकाने फोडले. कोर्टात दंड झाला, तो त्यांनी भरला. या संचाला सगळ्यात मोठा उपद्रव पिटातून झाला नव्हता, तो संपादकाच्या टेबलावरून झाला होता, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

त्या काळचे प्रेक्षक गरीब गाय होते असे मात्र नाही. 1849 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेस ऑपेरा हाउसबाहेर दंगल झाली, सैन्याने गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. आत चाललेले नाटक होते शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’. भांडण होते एका इंग्लिश आणि एका अमेरिकन नटाच्या चाहत्यांत. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये 1809 साली तिकिटे महागली म्हणून प्रेक्षकांनी दोन महिन्यांहून अधिक काळ रोज रात्री धिंगाणा घातला, तोही ‘मॅकबेथ’पासूनच सुरू झाला होता. यावरून शेक्सपिअरवर बंदी घाला असे कुणी म्हटले नाही. प्रतिष्ठित नाटकात दंगा झाला की दोष दंगेखोराचा, आणि बर्लेस्कमध्ये झाला की दोष स्टेजवरच्या बाईचा, हा दुटप्पीपणा पुढच्या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हॉडेव्हिल या संमिश्र करमणुकीच्या खेळांच्या मालकांनी मात्र खरोखरच प्रेक्षकाला शिस्त लावली. बोस्टनच्या बी. एफ. कीथने कुटुंबवत्सल गिऱ्हाईक हवे म्हणून नटांच्या तोंडाला जशी वेसण घातली, तशीच गॅलरीलाही घातली. पाय आपटणे, शिट्ट्या मारणे, टोप्या न काढणे यांबद्दल समज देण्याची कामगिरी तिथल्या नोकरांवर असे. म्हणजे प्रेक्षक सुधारता येतो, हे त्याच काळात सिद्ध झाले होते. पण या सुधारणेतून गाळला गेलेला, बव्हंशी पुरुषी आणि कष्टकरी प्रेक्षक बर्लेस्कच्या वाट्याला आला. रॉबर्ट ॲलन या अभ्यासकाने 1991 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, याच काळात बर्लेस्कमधली बोलणारी बाई हळूहळू मुकी झाली. विनोद पुरुष विदूषकांकडे गेला आणि देह तेवढा बाईकडे उरला. ॲलनला यात स्त्रीच्या बंडखोरीचा ऱ्हास दिसतो, आणि ते खरेच आहे. मला त्यात आणखी एक व्यावहारिक तोटा दिसतो. बोलता येणारी नटी आगाऊ माणसाला एका वाक्यात बसवू शकत होती. मुक्या नर्तकीला त्यासाठी विंगेतल्या माणसाकडे पाहावे लागू लागले.

न्यूयॉर्कमध्ये बर्लेस्क थिएटरे चालवणाऱ्या मिन्स्की बंधूंनी या अडचणीत भर घातली. ह्यूस्टन स्ट्रीटवरच्या त्यांच्या नॅशनल विंटर गार्डनमध्ये 1917 च्या सुमारास पॅरिसच्या धर्तीवर प्रेक्षकांत घुसणारी एक लांब पट्टी स्टेजला जोडली गेली आणि नर्तकी खुर्च्यांच्या हाताच्या अंतरावर आल्या. धंदा वाढला, जोखीमही वाढली. पोलीस येताना दिसले की तिकीटखिडकीतून बटण दाबून स्टेजच्या कडेचा तांबडा दिवा लावायची सोय मिन्स्कींनी केली होती, म्हणजे खेळ क्षणात सोज्वळ होई. सरकारपासून बचाव करणारी यंत्रणा अशी होती. प्रेक्षकापासून बचाव मात्र ज्याचा त्याने करायचा. या वातावरणात 1931 मध्ये मिन्स्कींकडे आलेली जिप्सी रोझ ली वेगळी उठून दिसते, ती याच कारणाने. ती उतरवायची थोडे आणि बोलायची भरपूर. एक हातमोजा काढायला ती इतका वेळ लावी आणि मध्ये इतके खुसखुशीत बोले की टवाळखोराला शिरायला फटच मिळत नसे. लिडिया थॉम्पसनची हरवलेली जीभ तिने साठ वर्षांनी परत आणली. सॅली रँडचा मार्ग याहून उग्र. पिसांच्या पंख्यांच्या नाचाने 1933 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात गाजलेली ही नर्तकी 1938 मध्ये लॉस एंजेलिसला चोरून फोटो काढणाऱ्या प्रेक्षकावर धावून गेली, त्याला चावली, आणि कोर्टात उभी राहिली ती आरोपी म्हणून.

इथे कुणी म्हणेल की, पोलिसांच्या धाडी अश्लीलतेविरुद्ध होत्या, त्यांचा प्रेक्षकांच्या वागण्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो न्यूयॉर्कच्या परवान्यांच्या भांडणात उघड दिसतो. 1932 मध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावरचे मालमत्ताधारक बर्लेस्कविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार दारात रेंगाळणाऱ्या पुरुषांची होती: हे लोक रस्ता बिघडवतात, जागांची किंमत पाडतात. 1937 मध्ये लैंगिक गुन्ह्यांच्या बातम्यांनी शहर हादरले असताना महापौर ला गार्डिया यांच्या प्रशासनाने बर्लेस्क थिएटरांचे परवाने रोखले. नंतर काही थिएटरे उघडली, पण जाहिरातीत ‘बर्लेस्क’ हा शब्द नको आणि ‘मिन्स्की’ हे नावही नको, या अटीवर. 1942 मध्ये तीही मिटली. आरोप पुरुषांच्या वर्तनाचा आणि रोजगार गेला नर्तकींचा, विदूषकांचा, वादकांचा. ते पुरुष दुसरीकडे गेले, एवढेच.

याउलट उदाहरण म्हणून लंडनच्या विंडमिल थिएटरकडे बोट दाखवले जाते, आणि ते विचारात घ्यायलाच हवे. ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरचे हे छोटे थिएटर लॉरा हेंडरसन या धनाढ्य विधवेचे. चालवायचा व्हिव्हियन व्हॅन डॅम. 1932 पासून तिथे दुपारपासून रात्रीपर्यंत अखंड खेळ चालत, बॉम्बवर्षावातही चालले. लॉर्ड चेंबरलेनच्या सेन्सॉरशी बोलणी करून नग्न स्त्रिया दाखवण्याची परवानगी मिळाली होती. अट एकच, त्यांनी पुतळ्यासारखे निश्चल उभे राहायचे. दुर्बिणी लावायला प्रेक्षकांना मनाई होती. तरुणींना नियमित पगार, आणि त्यांची काळजीही घेतली जाई. इतके सगळे असूनही प्रेक्षक काय करत? एक खेळ संपून पुढच्या रांगेतले लोक उठले की मागचे पुरुष खुर्च्यांच्या पाठींवरून उड्या मारत पुढे धावत. या शर्यतीला थिएटरात घोड्यांच्या अडथळा शर्यतीचेच नाव पडले होते, आणि मोडक्या खुर्च्या दुरुस्त करणे हा नित्याचा खर्च होता. पीटर सेलर्स, टोनी हॅनकॉक, ब्रूस फोर्साइथ यांनी उमेदवारी केली ती याच प्रेक्षकांपुढे, जे विनोद चालू असताना वर्तमानपत्र उघडून बसत. विंडमिल सुरक्षित होते हे मान्य. पण ती सुरक्षितता बाईच्या निश्चलपणाने आली नव्हती. दारावरच्या माणसांनी, दुर्बिणीच्या बंदीने आणि व्हॅन डॅमच्या करड्या नजरेने आली होती. म्हणजे जेवढी शिस्त प्रेक्षकाला लागली तेवढाच उपयोग झाला. पुतळा होऊन उभ्या राहिलेल्या मुलीला तर नजर वळवण्याचीही मुभा नव्हती, मग उत्तर देणे दूरच. 1964 मध्ये थिएटर बंद झाले आणि 1968 च्या कायद्याने लॉर्ड चेंबरलेनची सेन्सॉरशिप संपली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हजरजबाबीपणाने प्रेक्षक आवरणे जिप्सी रोझ लीला जमले, कारण ती जिप्सी रोझ ली होती. कोरसमधल्या पगारी मुलीने उलट उत्तर दिले असते तर मालकाने गिऱ्हाईक सांभाळले असते, मुलगी नव्हे. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच 1990 च्या दशकात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या बर्लेस्कने जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. हे काम एका नर्तकीच्या प्रतिभेवर न सोडता तिथे व्यवस्थेत बसवले गेले. सुरुवातीलाच निवेदक, बहुधा तो किंवा ती स्वतः पक्का विनोदी कलाकार, प्रेक्षकांना ओरडायला शिकवतो. कधी ओरडायचे, किती ओरडायचे, याची चक्क तालीम घेतो, आणि त्याच दमात सांगतो की हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. नाचांमध्ये विखुरलेले कपडे गोळा करायला वेगळी सहायक असते, त्यामुळे नर्तकीला वाकून प्रेक्षकांत हात घालावा लागत नाही. न ऐकणाऱ्याची निवेदक सगळ्यांसमोर फजिती करतो; तरी न ऐकले तर बाहेर. आपल्या तमाशात गवळणीतली मावशी आणि वगातला सोंगाड्या फार आधीपासून हेच काम करत आले आहेत: चावट शेरा झेलायचा, त्याला दुप्पट चावट उत्तर द्यायचे आणि हशा आपल्या बाजूला ओढून खेळ पुढे न्यायचा.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. 2005 मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली, पण तीन आणि त्यावरच्या तारांकित हॉटेलांना त्यातून वगळले. तोच नाच श्रीमंत प्रेक्षकांपुढे चालेल, इतरांपुढे नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. म्हणजे संशय प्रेक्षकावर आणि बंदी बारबालांवर. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम केला. मग 2016 मध्ये अटींनी भरलेला नवा कायदा आला. जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सीसीटीव्हीच्या सक्तीसह अनेक अटी काढून टाकल्या, टिप देण्याला मोकळीक दिली, आणि ही बंदी मात्र राखली: नाचणाऱ्या बाईवर नोटा उधळायच्या नाहीत. हा नियम गिऱ्हाइकाच्या हाताला लागू होणारा आहे, आणि माझ्या मते त्या कायद्यातला सर्वांत शहाणा नियमही तोच.