जागा निघाल्या की
परभणीत कृषी महाविद्यालय सुरू झाले १९५६ साली. मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेच हे वर्ष. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (वसंतराव नाईकांचे नाव पुढे २०१३ मध्ये लागले) आणि कृषीच्या पदवीशेजारी पशुवैद्यक, अन्नतंत्र, गृहविज्ञान, कृषी अभियांत्रिकी अशा पदव्या येत गेल्या. त्यांच्या कमाईतला फरक शाखेच्या अवघडपणातून किंवा उपयुक्ततेतून आला, असे आपण धरून चालतो. इतिहास पाहिला तर पदवीचा भाव ठरवला तो जागांनी: कोणी, कोणत्या पदवीसाठी, किती जागा काढल्या यानेच.

१९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शेतीकर्ज वाटायला शाखा खेड्यांत गेल्या आणि पीकपाणी कळणारा अधिकारी बँकांना लागू लागला. प्रशिक्षण व भेट योजनेने कृषी खात्याचा पसारा वाढवला. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली, तिच्यामागून बियाणे उद्योग फोफावला. कृषीच्या एका पदवीला अशी तीन गिऱ्हाइके मिळाली. गृहविज्ञानाचे काय झाले? आहार आणि बालसंगोपन हे त्याचे हक्काचे विषय, आणि १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली ती नेमकी याच कामासाठी. पण तिचा सगळा भार अंगणवाडी सेविकेच्या मानधनावर टाकला गेला. पगाराच्या जागा पर्यवेक्षिकांच्या, मोजक्या, आणि त्यांवर समाजशास्त्राच्या पदवीधरही हक्क सांगणार. बायकांचे काम स्वस्तातच उरकायचे असते, हा हिशेब घरातून खात्यात गेला, इतकेच. उलट पशुवैद्यकाला १९८४ च्या कायद्याने कुंपण दिले: नोंदणी नसेल तर जनावरांवर उपचाराचा व्यवसाय करता येत नाही. पिकाला औषध सुचवायला मात्र असे कुंपण नाही. तो सल्ला मोंढ्यात कोणीही देतो.

अन्नतंत्राला तर खासगी कारखान्यांनीच भाव दिला, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. पण परभणीच्या शिवारात पिकतो कापूस, तूर, सोयाबीन. त्यावर चालतात जिनिंग आणि डाळमिल. खाद्यपदार्थांचे मोठे कारखाने पुण्या-मुंबईकडे. पदवी इथली, पगार तिथला, आणि तिथल्या घरभाड्याचा आकडा कोणी शेजारी मांडत नाही. शिवाय घरची शेती कसणारा किंवा कृषी सेवा केंद्र चालवणारा पदवीधर पगाराच्या तक्त्यात दिसतच नाही, त्यामुळे अशा तक्त्यांवर फार विसंबू नये.

बँकांच्या कृषी अधिकारी पदाची भरती या दृष्टीने बघण्यासारखी आहे. तिथे कृषी, उद्यानविद्या, पशुवैद्यक, अन्नतंत्र, कृषी अभियांत्रिकी, सगळ्यांना एकच परीक्षा आणि एकच वेतनश्रेणी. विषय वेगळेच राहिले, पगारातला फरक तेवढा गेला.