डोस न लिहिलेलं इंजेक्शन

दवाखान्यात हेपारिन टोचून रक्त पातळ करतात तेव्हा किती युनिट दिलं आणि कधी दिलं, ते केसपेपरवर असतं. रक्तस्राव झालाच तर उतारा प्रोटामाइनचा: १०० युनिट हेपारिनला साधारण १ मिलिग्रॅम, तेही सावकाश, मध्ये गेलेला वेळ हिशेबात धरून. घोणसही असंच इंजेक्शन देते, फक्त डोस लिहून ठेवत नाही. डॉक्टरच्या हातात उरते ती वेळ. खालची बाई कुणी एक नाही. सुरगाणा तालुक्यात आवणीच्या दिवसांत घडू शकतो असा हा क्रम आहे.

सकाळी ७.१०
भातखाचराचा बांध. डोक्यावर इरलं, मुठीत रोपं. सकाळची एसटी नुकतीच गेलेली. गवतातून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार येतो आणि घोट्यावर रक्ताचे दोन थेंब दिसतात. घोणशीच्या एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष उतरतं. कधी ५, कधी १४७.

७.४०
पाय सुजू लागतो. घरचे पोटरीला दोरी करकचून बांधतात. आत विषाने रक्त गोठवणारी साखळीच पेटवलेली असते. नसांमध्ये बारीक गुठळ्या होत राहतात आणि त्यात फायब्रिनोजेन खर्ची पडतं. साठा संपला की रक्त गोठायचं थांबतं.

८.३०
भगताचं अंगण. मंत्र, मुळी, घोट्यावर ब्लेडची चीर. चिरेतलं रक्त थांबत नाही. "इख निघतंय," कुणीतरी म्हणतं आणि सगळ्यांना धीर येतो. खरं तर तो धोक्याचा पहिला इशारा असतो.

११.००
जीपने ग्रामीण रुग्णालय. चूळ भरली तर पाणी लाल. सिस्टर २ मिलिलिटर रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घेऊन उभी ठेवतात. साबणाने धुतलेली नळी चालत नाही. तिच्यात चांगलं रक्तही गोठत नाही. आता २० मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही.

११.२२
नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखं ओघळतं.

११.३०
प्रतिविषाच्या १० कुप्या. पावडर पाण्यात विरघळवताना कुपी जोरात हलवायची नाही, फेस होतो. १ मिलिलिटर प्रतिविष घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं. दहा कुप्यांच्या १०० मिलिलिटरने ६० मिलिग्रॅमचा हिशेब होतो. लेकराला चावलं तरी डोस हाच, कारण साप लेकरू बघून विष कमी करत नाही. हे घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध, अंगावर उलटू शकतं. म्हणून सलाईन सुरू व्हायच्या आधी ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं. तासाभरात सगळं आत जातं.

सायंकाळी ५.३०
दंशाला दहा, प्रतिविषाला सहा तास उलटले. पुन्हा नळी. सहा तास थांबायचं कारण असं की प्रतिविष विषाला बांधतं, पण खर्च झालेलं फायब्रिनोजेन भरून देत नाही. ते यकृताने करायचं, आणि त्याला वेळ लागतो. २० मिनिटांनी नळी उलटी करतात. रक्त तळाशी घट्ट. नातेवाईक हात जोडतात.

सिस्टर मात्र खाटेखालच्या पिशवीकडे बघत असतात. दुपारपासून तळ झाकेल एवढीच लघवी, कोऱ्या चहाच्या रंगाची.

रात्री ८.००
पिशवी तेवढीच. मूत्रपिंडं बसत चालली आहेत. १०८ची गाडी वणी, दिंडोरीमार्गे नाशिकला निघते. सुमारे ९० किलोमीटर, घाट आणि पाऊस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१०
नाशिक. रक्त छान गोठतंय. लघवी बंद. डायलिसिसची तयारी सुरू आहे. डॉक्टर नवऱ्याला विचारतात, "दादा, चावलं कधी?"

"सकाळची एसटी नुकतीच गेली होती."

केसपेपरवर दोन ओळी चढतात. दंश: ७.१०. प्रतिविष: ११.३०. मधले चार तास वीस मिनिटं लिहायला कागदावर रकाना नाही.